‘रक्ताचा थेंब’ मला केशरी का दिसला, आणि नंतर गेला कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून, सहा इंची डॉब्सोनियन (आरशाच्या) दुर्बिणीतून, मार्चअखेरीस शशक तारकासमूहातला आर लेपोरिस हा तारा पाहिला. वर्णन वाचलं होतं ‘आकाशातला रक्ताचा थेंब’ असं. दिसला मात्र एक ठळक केशरी ठिपका. डिसेंबरअखेर पुन्हा शोधला तर त्या जागी तसं काहीच नाही. दुर्बीण विकणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला की आरशाचं कोटिंग गेलंय, नवीन करून घ्या. चूक कुणाची: दुर्बिणीची, जागेची की डोळ्यांची?

सगळ्यात आधी, कोटिंगचे पैसे खिशातच राहू द्या. आरसा जुना झाला, त्यावर धूळ बसली की तारे थोडे मंद होतात हे खरं. पण मग शेजारपाजारचे सगळेच तारे त्याच प्रमाणात मंद होतील. एकच तारा निवडून गायब करणारा आरसा मी तरी वीस-बावीस वर्षांत पाहिलेला नाही.

तुमची जागाही बहुतेक चुकलेली नव्हती. चुकली ती अपेक्षा. नकाशात एखादा तारा सापडला की तो तिथे कायम तसाच असणार, असं आपण धरून चालतो. राजन्य (रिगेल), व्याध, रोहिणी या ठळक ताऱ्यांच्या बाबतीत ते चालून जातं. आर लेपोरिस हा रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारा तारा आहे. तो ‘कुठे आहे’ याच्याआधी ‘सध्या कितव्या प्रतीचा आहे’ हे विचारावं लागतं (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). उजळ असताना तो साडेपाचव्या प्रतीपर्यंत येतो, म्हणजे अंधाऱ्या गावातून नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसावा इतका. मंद होतो तेव्हा ११.७ पर्यंत उतरतो. ६.२ प्रतींचा फरक ऐकायला लहान वाटतो, पण हिशेब केला तर तो तीनशे पट आहे. त्यातून प्रत्येक खेपेला तो साडेपाचला पोहोचेलच असंही नाही. काही आवर्तनांत सात-आठच्या आसपासच माघार घेतो.

आता तुमच्या तारखा लावून बघू. याद्यांमध्ये याचं आवर्तन, म्हणजे एका कमाल तेजापासून पुढच्यापर्यंतचा काळ, ४२७ दिवसांचं दिलेलं असतं; प्रत्यक्षात ते ४२७ ते ४४५ दिवसांच्या दरम्यान मागेपुढे होतं. मार्चमध्ये तो आसपासच्या ताऱ्यांत उठून दिसत होता असं तुम्ही म्हणता, त्यावरून तेव्हा तो कमाल तेजाच्या जवळ असावा असं धरतो. मार्चअखेर ते डिसेंबरअखेर म्हणजे पावणेतीनशे दिवस. म्हणजे तो तळ गाठून नुकता वर चढू लागलेला, अजून दहाव्या प्रतीच्या आसपास रेंगाळत असणार. दहाव्या प्रतीचा तारा सहा इंची दुर्बिणीत गावातून सहज दिसतो, पण त्याच दृश्यक्षेत्रात त्याच्याएवढे आणि त्याच्याहून उजळ डझनभर तारे असतात. थोडक्यात, डिसेंबरात तो तुमच्या डोळ्यांसमोरच होता. फक्त गर्दीत ओळखता आला नाही. हा सगळा हिशेब मार्चमधल्या अंदाजावर उभा आहे, तो अंदाज महिनाभराने चुकीचा असेल तर आकडेही तेवढे सरकतील.

जाता जाता, हा ‘आर’ रेडचा आर नव्हे. एखाद्या तारकासमूहात पहिला रूपविकारी तारा सापडला की त्याला आर, पुढच्याला एस, मग टी, अशी पद्धत एकोणिसाव्या शतकात जर्मन खगोलशास्त्रज्ञ आर्गेलांडर यांनी घातली. लेपोरिस म्हणजे शशकातला.

आता रंगाकडे येऊ, कारण तुमची खरी निराशा तिथेच आहे.

‘रक्ताचा थेंब’ ही उपमा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन रसेल हाइंड यांची. ऑक्टोबर १८४५ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या खाजगी वेधशाळेतून त्यांना हा तारा दिसला. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. त्यांनी काळ्या आकाशावरच्या रक्ताच्या थेंबाची उपमा दिली आणि ती इतकी चिकटली की आजही ताऱ्याला हाइंडचा किरमिजी तारा म्हणतात. त्याचं तेज बदलतं हे पुढे दहा वर्षांनी, १८५५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ श्मिट यांच्या लक्षात आलं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. लंडनहून हा तारा अगदी डोक्यावर आला म्हणावं तरी क्षितिजापासून जेमतेम चोवीस अंश वर असतो. तिथे हवेचा थर जाड, आणि जाड हवा निळा प्रकाश आधी गाळते; त्यातून ते कोळशाच्या धुराचं लंडन. हाइंड यांच्या थेंबात थोडी लाली त्या धुराड्यांनीही भरली असावी, असा माझा आपला तर्क आहे. साताऱ्याहून हाच तारा सत्तावन्न अंश वर येतो. त्यामुळे तुम्हाला तो हाइंड यांच्यापेक्षा स्वच्छ दिसतो आणि कदाचित म्हणूनच थोडा कमी लाल.

दुसरं आणि महत्त्वाचं कारण म्हणजे तेज आणि रंगाचं उलटं गणित. हा तारा उजळ असतो तेव्हा तो तुलनेने केशरी असतो, घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा. मंद होत जातो तसा लाल होत जातो. म्हणजे मार्चमध्ये तुम्ही तो नेमका त्याच्या सर्वांत कमी लाल अवस्थेत पाहिलात. मग तळाला असताना तो गडद लाल दिसावा ना? तो असतो, पण आपल्या डोळ्याला दिसत नाही. रंग ओळखणाऱ्या पेशींना पुरेसा प्रकाश लागतो. फार मंद ताऱ्याचा रंग कळतच नाही, तो नुसता राखाडी वाटतो. मधे कुठेतरी जमतं. माझ्या वह्यांमध्ये ‘लाल, अगदी डाळिंबाचा दाणा’ असे शेरे आहेत ते जवळपास सगळे सात ते साडेआठ प्रतीच्या दरम्यानचे, सहा आणि आठ इंची दुर्बिणीतले. दुर्बीण याहून मोठी असेल तर हा पट्टा आणखी मंद प्रतींकडे सरकतो. वय, मोतीबिंदू, जन्मजात लाल-हिरव्याचा गोंधळ यांनीही फरक पडतो. आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ निरीक्षकांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर एका डोळ्याने आणि मग दुसऱ्या डोळ्याने पाहून ‘हे दोन वेगळे तारे आहेत’ असं जाहीर केलं होतं.

हा लालपणा येतो कुठून, हे समजून घ्यायला स्वयंपाकघरात जाऊ. चहाचं आधण ठेवल्यावर गॅसची ज्योत जवळून बघा. हवा नीट मिळत असेल तर ज्योत निळी, आणि आतला छोटा सुळका हिरवट निळा. त्या हिरवट निळ्या प्रकाशात मोठा वाटा दोन कार्बन अणूंच्या जोडीचा, त्या रेणूचा असतो. स्कॉटलंडच्या विल्यम स्वान यांनी १८५० च्या दशकात ज्योतींचे वर्णपट तपासताना हे पट्टे अभ्यासले, म्हणून त्यांना स्वान पट्टे म्हणतात. तोच रेणू आर लेपोरिसच्या वातावरणात ठासून भरलेला आहे. शेगडीत तो हा प्रकाश बाहेर टाकतो. ताऱ्यात तो आतून येणारा नेमका तोच प्रकाश गिळतो. जांभळ्या आणि निळ्या टोकाचा प्रकाश कार्बनचे इतर रेणू गिळतात. तारा मुळातच थंड, पृष्ठभाग सुमारे २००० ते २५०० केल्विन, म्हणजे निळा प्रकाश आधीच कमी. त्यातला उरलासुरलाही रेणूंनी खाल्ला की शिल्लक राहतो तो लाल. वर्णपटातली ही खूण रोममधले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६० च्या दशकात ओळखली आणि अशा ताऱ्यांचा वेगळा, चौथा वर्ग केला. यांनाच आज कार्बन तारे म्हणतात.

आता त्याच शेगडीच्या बर्नरची भोकं बुजू द्या. हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचं बूड काळं होतं. कार्बन ताऱ्याचं सगळं मर्म यात आहे. ताऱ्याच्या थंड वातावरणात कार्बन आणि ऑक्सिजन एकमेकांना गाठून कार्बन मोनॉक्साइड बनवतात, आणि ही जोडी इतकी घट्ट की सहजी सुटत नाही. प्रत्येकाला एकच जोडीदार. मग जो अधिक असेल तो उरतो आणि पुढचा खेळ त्याच्या हातात जातो. सूर्यासारख्या ताऱ्यात दोन ऑक्सिजनमागे साधारण एक कार्बन, म्हणजे ऑक्सिजन उरतो. बहुतेक लाल राक्षसी तारे असेच असतात. तिमिंगल समूहातला प्रसिद्ध मीरा हा त्यातलाच. आर लेपोरिसमध्ये पारडं फिरलेलं आहे. तिथे कार्बन उरतो, आणि उरलेला कार्बन काजळी धरतो.

पारडं फिरवतो तो तारा स्वतःच. म्हातारपणी त्याच्या गाभ्याभोवतीच्या कवचात हेलियमचं ज्वलन ठरावीक काळाने भडकतं, तीन हेलियमचा एक कार्बन होतो, आणि वरच्या घुसळणाऱ्या थरांतून तो कार्बन थोडा थोडा पृष्ठभागावर येतो. विहिरीचा गाळ ढवळून वर यावा, तसं. प्रत्येक ढवळणीला कार्बन वाढत जातो आणि एक दिवस ऑक्सिजनच्या पुढे जातो. इथे ‘एक दिवस’ म्हणजे लाखो वर्षांचा मामला आहे, हे सांगायला नकोच.

ही काजळी पुढे जाते कुठे? ताऱ्याच्या वाऱ्याबरोबर अवकाशात. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या उल्केत सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण मिळाले. ते सूर्यमालेपेक्षा जुने आहेत, आणि त्यातले बहुतेक अशाच कार्बन ताऱ्यांच्या वाऱ्यात घडलेले. प्रयोगशाळेच्या काचपट्टीवर ठेवता येणारी ताऱ्याची राख म्हणा ना.

तेज का बदलतं? पातेल्यावरचं झाकण आठवा. वाफ कोंडते, झाकण उचललं जातं, वाफ सुटते, झाकण पडतं, पुन्हा कोंडते. ताऱ्याच्या बाहेरच्या भागातला हायड्रोजनचा एक थर हे झाकणाचं काम करतो. तारा आकसला की तो थर आतली ऊर्जा अडवतो, दाब वाढून तारा फुगतो, फुगला की ऊर्जा सुटते, तो थंड होतो आणि पुन्हा आत बसतो. एका धापेला चौदा-पंधरा महिने लागतात, कारण ताऱ्याचा आवाकाच तेवढा आहे: सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीची कक्षा त्याच्या पोटात जाईल. साधारणपणे असे तारे फुगलेले असताना नव्हे, तापलेले असताना उजळ दिसतात. आणि तीनशे पटीने बदलतो तो फक्त आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश. अवरक्त धरून एकूण ऊर्जा मोजली तर चढउतार फारच कमी. बाकीचा खेळ थंडपणाचा, रेणूंचा आणि काजळीच्या पडद्याचा. याच्या शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदींमध्ये सुमारे चाळीस वर्षांचं आणखी एक लांबचं आवर्तन असावं असं दिसतं; दाट काजळीचे ढग मधूनमधून आड येतात हे त्याचं पटण्यासारखं स्पष्टीकरण. एखाद्या खेपेला तो अपेक्षेइतका उजळत नाही तेही यामुळेच असावं.

हे झालं शास्त्र. पुढच्या वेळी नेमकं काय करायचं ते सांगतो.

आधी सध्याचं तेज बघा. अमेरिकेतली रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना, एएव्हीएसओ, १९११ पासून अशा नोंदी जमवते आहे. तिच्या संकेतस्थळावर ताऱ्याचं नाव घातलं की गेल्या काही महिन्यांचा आलेख दिसतो. तिथूनच दोन नकाशे छापून घ्या: एक मोठ्या क्षेत्राचा, एक लहान. नकाशात ताऱ्यांशेजारी ७४, ८१ असे आकडे असतात. ते ७.४ आणि ८.१, म्हणजे ज्यांच्याशी ताडून बघायचं त्या ‘तुलना-ताऱ्यांच्या’ प्रती. दशांश चिन्ह मुद्दाम दिलेलं नसतं, कारण टिंब दिलं तर तोही एक तारा वाटतो. आणि डॉब्सोनियनमध्ये दृश्य उलटं दिसतं, तेव्हा कागद तसा फिरवून धरा. तुमच्या डिसेंबरच्या शोधात हेही नडलं असू शकेल.

शोधायला राजन्यापासून सुरुवात करा. मृग दक्षिणेकडे उंच असताना राजन्याच्या सरळ खाली साधारण आठ अंशांवर, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडं कमी, एकटा तिसऱ्या प्रतीचा तारा आहे, म्यू लेपोरिस. तिथून उजवीकडे आणि किंचित वर साडेतीन अंश. शोधक दुर्बिणीत (मुख्य दुर्बिणीवरच्या छोट्या दुर्बिणीत) म्यू पूर्वेकडच्या कडेला ठेवलात तर आर लेपोरिसची जागा त्याच दृश्यात येते.

जागा सापडली की कमी वर्धनाचा आयपीस लावा आणि एक युक्ती करा. मंद तारे बघताना आपण नजर थोडी तिरकी करतो, त्याने ते उजळतात. कारण डोळ्याच्या कडेच्या पेशी जास्त संवेदनशील असतात. पण त्या पेशींना लाल प्रकाश जवळजवळ कळत नाही. म्हणून नजर तिरकी केली की शेजारचे सगळे तारे उसळून वर येतात आणि हा एकटा मागे राहतो. गर्दीत ओळख पटवायला याहून सोपी खूण नाही. मग रंग बघायचा तर सरळ बघा, आणि फोकस अगदी किंचित बिघडवा. बिंदूची छोटी चकती झाली की रंग खुलतो. आधी राजन्य बघून लगेच याच्याकडे आलात तर फरक आणखी जाणवतो.

तेजाची नोंद करताना मात्र टक लावू नका. लाल तारा जितका वेळ बघाल तितका तो उजळ वाटत जातो. एका जानेवारीत, पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, मी हा तारा पाच मिनिटं निरखून ७.१ लिहिला. चार दिवसांनी चंद्र उगवायच्या आत, अंधारात पाहिला तर ७.८. ताऱ्याने चार दिवसांत एवढी उडी मारली म्हणून मी दोन दिवस हवेत होतो. बाकी निरीक्षकांच्या नोंदी शांतपणे ७.७ च्या आसपास चालल्या होत्या. चांदण्याने निळसर तुलना-तारे फिके पडले होते आणि टक लावल्याने लाल तारा फुगला होता, एवढंच. तेव्हापासून मी एक झटपट नजर ताऱ्यावर, एक उजळ तुलना-ताऱ्यावर, एक मंद तुलना-ताऱ्यावर टाकतो आणि लिहून मोकळा होतो. ७४ आणि ८१ च्या मधे, ७४ कडे झुकलेला वाटला तर ७.६. दोघा अनुभवी लोकांच्या आकड्यांतही लाल ताऱ्यासाठी अर्ध्या प्रतीचा फरक पडतो, त्यामुळे आपला आकडा दुसऱ्याशी जुळवत बसू नका. आपल्याच पद्धतीने दर दहा-पंधरा दिवसांनी मोजत राहा.

कॅमेऱ्याचं विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून: लांब एक्स्पोजर दिलं की ताऱ्याचा मधला भाग जळून पांढरा होतो. दोन-चार सेकंदांची छोटी छायाचित्रं घ्या, रंग त्यातच राहतो.

एक अडचण मात्र आपल्याकडची खास आहे. मेअखेर ते जुलै हा तारा सूर्याच्या जवळ, आणि तो पहाटे वर येऊ लागतो तेव्हा आपल्याकडे ढग. म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच काळ हाताशी. आवर्तन वर्षापेक्षा सुमारे दोन महिने मोठं, त्यामुळे कमाल तेज दर खेपेला दोन महिने पुढे सरकतं. काही वर्षं ते नेमकं पावसाळ्यात सापडतं आणि आपल्याला फक्त चढण किंवा उतरण दिसते. सहा खेपांनी, म्हणजे सुमारे सात वर्षांनी, ते पुन्हा त्याच ऋतूत येतं. पण रंगासाठी चढण-उतरणच उत्तम हे वर आलंच आहे, तेव्हा त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

तोवर हुरूप टिकवायला दुसरा एक तारा बघा. मृगाच्या पश्चिमेला मंद ताऱ्यांची एक उभी कमान आहे, पाश्चात्त्यांच्या चित्रात ती शिकाऱ्याची ढाल. तिच्या सगळ्यात दक्षिणेकडच्या ताऱ्यापासून पूर्वेला पावणेदोन अंशांवर डब्ल्यू ओरायनिस आहे. हाही कार्बन तारा, पण हा साधारण सहा ते सात प्रतींच्या दरम्यानच हलतो, म्हणजे तुमच्या दुर्बिणीत कधीही गेलात तरी सापडेल. आज आकाश मोकळं असेल तर आधी त्याच्याकडे जा, मग खाली म्यू लेपोरिसकडे उतरा. आणि आर लेपोरिसच्या जागी जे काही दिसेल, त्याहून उजळ कोणता आणि मंद कोणता हे तारखेसकट लिहून इथे टाका. मग तो चढतोय की उतरतोय ते आपण मिळून ठरवू.